देव बुडेपर्यंतची चाल

लातूर,
दि. २ जुलै १९८२

श्री. निजामोद्दीनभाई यांस वीरण्णा शिवलिंग गुरव याचा शरणार्थ पोचावा.

तुमचे रोजे चालू आहेत हे ध्यानात आहे. मृग कोरडा गेला, आर्द्राही तशाच चालल्या आहेत. अशा उन्हात पाण्याच्या घोटाशिवाय दिवस काढणे या वयात सोपे नव्हे. प्रकृतीस जपावे.

आता पत्र लिहिण्याचे कारण. एकाच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या आणि दोन्ही एकमेकींत गुंतल्या.

पहिली अशी की, येत्या पंधरा ऑगस्टला आमचे लातूर उस्मानाबादेपासून वेगळे होऊन स्वतंत्र जिल्हा होत आहे. गावात स्वागत समिती नेमली आहे. गंज बाजारातले आडत व्यापारी वीरभद्र अप्पा तिचे अध्यक्ष आहेत.

दुसरी अशी की, मुंबईच्या एका ध्वनिमुद्रिका कंपनीचे पत्र मला आले. आपल्या सिकंदराबादच्या बँडचे प्रमुख फालेरो मास्तर यांच्या जुन्या तबकड्या ते नव्याने काढीत आहेत. त्यांत 'डेक्कन डस्ट' ही चाल आहे. आजवर तिच्यावर रचनाकार म्हणून मास्तरांचेच नाव होते. परंतु गोव्याहून त्यांच्या पत्नीने कंपनीस कळवले की, 'ती चाल माझी नव्हे, माझ्या दोन दख्खनी पोरांपैकी एकाची आहे,' असे मास्तर अखेरपर्यंत म्हणत. कोणत्या पोराची, हे बाईंना आठवत नाही. कंपनी विचारते की, दोघांनी विचार करून एकच नाव ऑगस्टअखेर कळवावे. न कळवल्यास पूर्वीचे नाव कायम राहील.

निजामोद्दीनभाई, सिकंदराबादच्या छावणीजवळ त्या नाचघरात गोरे साहेब आणि मडमा ज्या चालीवर नाचल्या, जी पुढे समुद्रापलीकडे गेली, जी अमेरिकेतल्या मोठमोठ्या जाझ वाद्यवृंदांनी आपली म्हणून वाजवली, जी रेडिओवर लागली की मी आजही हातातले काम ठेवून उभा राहतो, ती चाल माझी आहे हे तुम्ही जाणताच. चाळीस वर्षांत मी ते कोणास सांगितले नाही. वरातीत क्लॅरिनेट वाजवणाऱ्या चौथी पास गुरवाची चाल अमेरिकेत वाजते, यावर कोण विश्वास ठेवील? आता विचारणाराच मुंबईचा आहे. म्हणून मी वीरभद्र अप्पांना सांगितले. त्यांनी तिथल्या तिथे पंधरा ऑगस्टला माझा जाहीर सत्कार ठरवला.

तरी तुम्ही कंपनीस एवढेच लिहावे की, ही चाल वीरण्णाची आहे. तीन ओळी पुरेत.

घरात आनंद आहे, असे लिहिणार होतो. पण सौभाग्यवती गौरम्मा म्हणते, "तबकडीवर तुमचं नाव गोल गोल फिरंल. वाचणार कोण, चक्कर येऊन पडंल की त्यो!" तिच्याकडे लक्ष देऊ नये.

तुमचा,
वीरण्णा


नांदेड,
९ जुलै १९८२

यार वीरण्णा,

बोलणार मी, लिहिणार वहिदा. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू हाय, अक्षरं मुंग्यांसारखी चालून राहिली. पोरगी मराठी शाळेत मास्तरीण हाय, तर तुझ्या शुद्ध मराठीला शुद्ध मराठीत जवाब जाईल, असं मला वाटलं होतं. पण ती म्हणते, "अब्बा, तुम्ही जसं बोलाल तसंच लिहिणार." तर हे असं.

(वीरण्णाकाका, सलाम. शब्द अब्बांचेच आहेत. मी फक्त स्वल्पविराम दिले. – वहिदा)

नवा जिल्हा मुबारक. आम्हाला नांदेडला जिल्हा असायची इतकी सवय झाली की कुणी बँड बी वाजवत नाही.

आता तुझ्या तीन ओळी. यार, मी रोज्यात हाय. खोटं कसं लिहू? ती चाल माझी हाय.

रागावू नको, आधी ऐक. दुपारची तालीम होती. फालेरो मास्तरनं कागद भिरकावले. म्हणाला, "ह्या कागदातलं सगळं मरून गेलंय. कुणाच्या पोटात काही असंल तर काढा." सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघून राहिले. तू रीड ओली करत बसला होतास. मी ट्रंपेट उचललं अन् तो उतार वाजवला. वरचा सूर सुटतो, धड खाली येत नाही, धड वर राहत नाही, मधेच लोंबकळतो, जसं कुणी काही सांगता सांगता थांबलं. तो उतार! मास्तर खुर्चीवरून उठला. "हेच! लोक हे शोधायला जहाजं करून फिरतात," म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, खुदा की कसम.

त्याच्यानंतर तू खालून तुझी चढण लावलीस. हाव, लावलीस, लई चांगली लावलीस. पण लोक डेक्कन डस्ट म्हणून काय गुणगुणतात? उतार. बाकी पायऱ्या झाल्या. घर बांधणाऱ्याचं की पायऱ्या लावणाऱ्याचं, तूच सांग.

वहिदा हसून राहिली. लिही, हसलीस म्हणून बी लिही. तिला वाटतं रोज्यानं म्हातारा भ्रमला.

(काका, भ्रमले असे मी म्हटले नाही. पण ही गोष्ट त्यांनी मला आयुष्यात प्रथमच सांगितली. ट्रंपेट भिंतीवर शोभेसाठी आहे, असेच मी लहानपणापासून समजत होते.)

तेव्हा तू मुंबईला लिही, तीन ओळी. चाल निजामोद्दीनची. तुझा सत्कार करून घे की खुशाल! बोल, क्लॅरिनेट मी वाजवलं. ते तर खरं हाय.

तुझाच,
निजाम


लातूर,
दि. १५ जुलै १९८२

श्री. निजामोद्दीन यांस,

आपले पत्र पावले.

आपण चढणीस पायऱ्या म्हणता. चढण हा त्या चालीचा देह आहे. एक स्वर, त्यावर थांबणे, श्वास घेणे, मग वरचा स्वर, पुन्हा थांबणे. पुढचे पाऊल कधी पडेल, पडेल की नाही, हे ऐकणाऱ्यास कळत नाही. त्याचा जीव टांगणीला लागतो. नाचणारी माणसे त्या जागी पाय उचलून तशीच उभी राहत, हे आपण स्वतः पाहिले आहे. आपला उतार हे त्या चढणीचे फळ होय. ज्याला पडायचे आहे त्याला आधी उंची लागते, आणि ती उंची मी दिली.

आपण म्हणाल, मी ती कोठून आणली? कोणाकडून शिकलो नाही, कोणाची घेतली नाही. मास्तरांनी विचारताच ती माझ्या श्वासातून आली. जणू आधीपासून तेथेच होती. रचना म्हणजे याहून निराळे काय असते?

माझ्या सत्काराची पत्रिका छापली गेली आहे. गंजातल्या प्रत्येक दुकानात ती पोचली. तेव्हा तीन ओळींची तसदी आपण घेऊ नये. मी माझे नाव कळवतो, आपण आपले कळवावे. दोन नावे गेली म्हणजे कंपनी मास्तरांचेच नाव ठेवील आणि आपणा दोघांचीही चाल दोघांच्याही हातची जाईल. आपली तशी इच्छा असल्यास माझा नाइलाज आहे.

कळावे,
वी. शि. गुरव


नांदेड,
२६ जुलै १९८२

आदरणीय वीरण्णाकाका,

हे पत्र अब्बांना न सांगता लिहीत आहे. हे वाक्य लिहिताना चोरी केल्यासारखे वाटते, पण लिहिते.

शुक्रवारी ईद झाली. दर ईदला तुमचे कार्ड येते, तुमच्या त्या सरळ, उभ्या अक्षरातले. मी शाळेत जायला लागले तेव्हा अब्बा ते माझ्याकडून मोठ्याने वाचून घेत. म्हणत, "बघ, चौथी शिकलेला माणूस हाय, आणि अक्षर बघ." यंदा कार्ड आले नाही. अब्बा ओट्यावर बसून पोस्टमनची वाट पाहत राहिले. शीरखुर्म्याची एक वाटी झाकून ठेवायला सांगितली.

संध्याकाळी त्यांनी भिंतीवरून ट्रंपेट काढायला लावले. काका, त्यांचे पुढचे दात गेले आहेत. त्यांनी फुंकले, पण नुसती हवा आली. मला वाटले आता रडतील. ते रडले नाहीत. वाद्य मांडीवर ठेवून त्यांनी तो उतार तोंडाने म्हणून दाखवला.

मी हसणे त्या क्षणी सोडले. मला गाण्यातले काही कळत नाही. पण आमच्या त्या दोन खोल्यांत काहीतरी वरून खाली येता येता थांबले, आणि मी हातातली वाटी तशीच धरून उभी राहिले. रजिया आपा शेजारून विचारायला आली, "रेडिओ लावला का गं?"

मी विचारले, "अब्बा, हे तुम्हाला सुचलं कसं?"

म्हणाले, "सुचलं नाही, आलं. वरून कुठून तरी आलं. भिंतीपलीकडून."

याचा अर्थ मला लागला नाही. तुम्हाला लागत असेल तर कळवा. मला एवढेच दिसते की तुमच्या दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही. एक जण खोटा असता तर किती सोपे झाले असते!

तुमची,
वहिदा


धामणवाडी, शिरूर अनंतपाळजवळ,
दि. ३ ऑगस्ट १९८२

प्रिय निजाम,

पत्रात तुला 'तू' म्हणण्याची ही माझी पहिलीच वेळ आहे. आज दुसरा शब्द हातून उतरत नाही.

वहिदाने लिहिले म्हणून तिला रागावू नकोस. तिच्या पत्रातले 'भिंतीपलीकडून' हा शब्द दोन दिवस माझ्या डोक्यात राहिला. त्यातच माझ्या पुतण्याचा, मन्मथचा, गावाहून निरोप आला: 'काका, श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी देव बुडवायचा ठरला हाय. सूर धरायला माणूस न्हाई. या.' म्हणून मी काल इकडे आलो.

देव बुडवण्याची आमच्या वाडीची रीत तू पाहिली आहेस. विसरला असशील, मीही विसरलो होतो, म्हणून लिहितो. मोठा दुष्काळ पडला आणि श्रावण कोरडा जाऊ लागला की गाभाऱ्यातल्या कुंडात पाणी भरून महादेवाची पिंड बुडवायची. देवाचा जीव गुदमरला म्हणजे त्याला आपली आठवण होते, असे जुनी माणसे म्हणत. प्रत्येक घर आपल्या पिण्यातली एक घागर देते. विहिरीपासून देवळापर्यंत रांग लागते आणि घागरी हातोहात वर येतात. गाभारा काळोखी आणि अरुंद. आत एकटा पुजारी. पाणी किती चढले हे बाहेर कोणास दिसत नाही. ते सांगते सनई.

पाणी पिंडीवर बोटभर चढले की पुजारी घागरीवर टिचकी मारतो. मंडपात बसलेला सनईवाला ती ऐकतो आणि एक स्वर वर जातो. पुढची टिचकी येईपर्यंत त्याच स्वरावर थांबतो. चुकूनही पुढे जायचे नाही. देव बुडाला नसताना बुडाला असे सांगणे हे पाप. शेजारी एक जण 'सूर' धरतो, म्हणजे एकच स्वर देणारी दुसरी सनई अखंड फुंकत राहतो.

बहात्तरच्या सालात ही रीत झाली नाही. देवाला बुडवायलाही पाणी नव्हते. म्हणून इतकी वर्षे मी ती ऐकली नव्हती.

काल सकाळी मी सूर तोंडाला लावला. मन्मथने पहिला स्वर घेतला. रांग कशी चालली होती, काय सांगू! घागरी अर्ध्या, काही पाव. तुळजाबाईने तर लोटाच आणला आणि वर म्हणाली, "हसू नगा रे, घरात एवढंच हाय. देवाला सांगा, उरलेलं तूच दे." पाणी कुंडात पडायचे आणि तापलेला दगड ते पिऊन टाकायचा. कितीतरी वेळाने पहिली टिचकी आली. मन्मथ एक स्वर वर गेला.

निजाम, तिसऱ्या टिचकीला मी ओळखले. ती माझी चढण होती. स्वर तेच, थांबणे तेच, श्वास तोच. मला वाटे, ती माझ्या श्वासात आधीपासूनच होती. होतीच! माझ्या वयाच्या पंधराव्या वर्षापासून होती. बसलिंग आज्जा सनई वाजवीत आणि त्यांच्या गुडघ्याशी बसून मी सूर धरी. घरातला आवाज कोणी चाल म्हणून ऐकत नाही, निजाम. चुलीचा धूर जसा कपड्यांना येतो, तशी ती मला लागली होती.

आणि हेही समजले की, ती चढण कोणा गवयाने तशी बसवलेली नाही. चांगल्या सालात कुंड भराभर भरले असते आणि सनई सरसर वर गेली असती. त्यात काय चाल? पाणी नाही म्हणून ती थांबते. साहेब-मडमा पाय उचलून जिथे अधांतरी उभ्या राहत, तिथे आमच्या आयाबाया रिकाम्या विहिरीत दोर सोडून बसल्या होत्या.

आता तुझा उतार. दुपारी उन्हाने मंडप तापला. दिवसभर फुंकून मन्मथची सनई चटका बसेल इतकी गरम झाली. स्वर नेमका लागावा म्हणून सनईच्या छिद्रांना आम्ही मेण लावतो, हे तुला ठाऊक आहे. मी मन्मथला खुणेने विचारले. तो दम घेताना म्हणाला, "काका, मेण मऊ पडलंय. वरचा सूर लावला की घसरणार. आज्जाचा बी घसरायचा म्हणे."

ऐकलेस? वरचा स्वर लागतो, मेण सुटते, स्वर ओघळतो. धड खाली येत नाही, धड वर राहत नाही.

पण तो मला ऐकू आला नाही, कारण तो वाजलाच नाही. दिवस कलला तेव्हा गावातले पाणी संपले. पिंडीचा माथा बोटभर उघडा राहिला. शेवटची टिचकी आली नाही. मन्मथ अलीकडच्या स्वरावर किती वेळ थांबला, मग त्याने सनई खाली ठेवली. सगळी वाडी उभी होती. चाल एका स्वरावाचून तशीच राहिली आहे. मला तो स्वर येतो, जगाला येतो. परंतु वाजवता येत नाही.

मला एकच सांग. आपण दोघे पंधरा वर्षांचे असताना पडलेल्या त्या दुष्काळात तू सिकंदराबादहून सुटीला माझ्याबरोबर इथे आला होतास. मी मंडपात होतो. तू कुठे होतास?

तुझा,
वीरण्णा


नांदेड,
८ ऑगस्ट १९८२

वीरण्णा,

वहिदानं तुझं पत्र वाचलं. एकदा वाचलं, मी म्हणालो परत वाच. ती बी रडून राहिली, मी बी.

मी कुठं होतो? विहिरीजवळ, यार! रांगेत. तुझ्या आईनं मला घागर दिली अन् म्हणाली, "निजाम, ताकदीचा हायस, तू खाली उभा राहा." देऊळ वर, मी खाली. मधे ती काळ्या दगडाची भिंत. दिवसभर आतलं काही ऐकू येत नव्हतं, नुसती घूं घूं. खालचे सूर भिंतीतच राहायचे. अन् एकदम, दिवस कलताना, भिंतीवरून तो एक सूर बाहेर आला. वर आला, ओघळला, लोंबकळला. माझ्या हातात रिकामी घागर होती. ती मी खाली बी ठेवली नाही. मला वाटलं, आभाळातून आला. त्याच्यानंतर आत गलका झाला तर कळलं की देव बुडला.

मी ती देवळाची गोष्ट विसरलो, यार. सूर तेवढा राहिला.

म्हणजे आत तू, बाहेर मी. अन् सिकंदराबादला मास्तर म्हणाला, पोटातलं काढा.

आता ऐक. आमच्याकडं गोदावरीला पाणी हाय. लई नाही, पण हाय. तेलाचे दोन मोठे डबे, गळू नयेत म्हणून, मी झाळून घेतलेत. येत्या रविवारी एसटीनं धामणवाडीला येतो. वहिदा म्हणते, "अब्बा, पंधरा तारखेला काकांचा लातूरला सत्कार आहे." मी म्हणालो, मग मी सोमवारी जाईन. ती म्हणते, "कुंडातलं पाणी पाझरून चाललं असेल, सोमवारपर्यंत काय राहील?" तेव्हा रविवारीच येतो. तू सत्काराला जा. मी मन्मथला शोधून घेईन. फक्त वाडीवाल्यांना सांग, परत एकदा घागरी काढा म्हणावं. शेवटचं बोटभर माझ्याकडं.

निजाम


लातूर,
दि. १७ ऑगस्ट १९८२

चि. वहिदा हिस अनेक आशीर्वाद.

तुझे अब्बा सुखरूप आहेत. माझ्या घरी झोपाळ्यावर बसले आहेत आणि गौरम्मा त्यांना धपाटे मऊ करून देत आहे. आणखी आठ दिवस मी त्यांना सोडणार नाही. काय घडले ते तू विचारशीलच, म्हणून आधीच लिहितो.

शनिवारी मी वीरभद्र अप्पांच्या आडतीवर जाऊन सांगितले की सत्कारास येणे होणार नाही. ते म्हणाले, "वीरण्णा, शुद्धीवर हायस का? अरे, जिल्हा एकदाच होतो!" मी म्हणालो, "अप्पा, देवही रोज बुडत नाही." मग ते आपल्या गड्याला म्हणाले, "शालीची घडी परत घाल."

रविवारी लातुरात झेंडे, भाषणे, फटाके झाले. माझा बँड माझ्याशिवाय वाजला. मी धामणवाडीत सूर धरून बसलो होतो.

तुझ्या अब्बांची एसटी दुपार टळल्यावर शिरूरला आली. तिथून बैलगाडी. कंडक्टरने डब्यांवरून त्यांना छेडले होते म्हणे: "चाचा, तेल हाय का तूप?" हे म्हणाले, "गोदावरी हाय." तो म्हणाला, "मग बाईमाणसाला खिडकीशी बसवा की!" आणि खरोखरच डबे त्याने खिडकीशी ठेवू दिले.

वाडीने सकाळपासून पुन्हा घागरी काढल्या होत्या. आधीचे पाणी पाझरून गेले होते, म्हणून पुन्हा पहिल्या स्वरापासून. कोणी दिली नाही असे एक घर नव्हते. मन्मथ चढत होता, थांबत होता. अलीकडचा स्वर आला आणि घागरी संपल्या.

मी सूर धरला होता. मला उठता येत नव्हते. तुझ्या अब्बांना लोक म्हणाले, "चाचा, डबे घेऊन वर चला, तुमच्या हातानं द्या." ते म्हणाले, "नाही. माझी जागा विहिरीजवळ. रांगेनं द्या." आणि खाली, पंधराव्या वर्षी उभे होते तिथेच जाऊन उभे राहिले. डबे हातोहात वर आले.

पहिला डबा गेला. दुसरा गेला. टिचकी वाजली.

मन्मथने वरचा स्वर घेतला. पुढे काय झाले ते मला माहीत नाही, वहिदा. त्याच क्षणी मंडपातल्या साऱ्यांनी 'हर हर महादेव' केले, आणि माझ्या कानांत माझाच सूर घुमत होता. मन्मथच्या बोटांखालून मेणाचा एक ओघळ सनईवर उतरलेला मला दिसला. एवढेच दिसले.

मी तसाच बाहेर आलो. तुझे अब्बा विहिरीच्या काठावर बसले होते. तोंड वर, डोळे मिटलेले, मोतीबिंदूच्या त्या डोळ्यांतून पाणी.

"ऐकलंस?" मी विचारले.

"ऐकलं, यार. पण तोच. वरचा तेवढा. बाकीचं भिंतीत राहिलं. तू?"

"मी चढण ऐकली. उतार गलक्यात गेला."

"म्हणजे परत अर्धी-अर्धी!" ते हसू लागले. "मग अख्खी कुणी ऐकली रे?"

आम्ही मन्मथला विचारले. तो सनई पुसत म्हणाला, "मला काय इचारता? माझे कान टिचकीकडं होते. काय वाजिवलं ते मला ठावं न्हाई." पुजाऱ्याला विचारले. तो ओलाचिंब बाहेर येऊन म्हणाला, "मी पाण्याकडं बघू का तुमची पिपाणी ऐकू?"

मग आम्ही दोघे म्हातारे गाभाऱ्याच्या दारात गेलो. निजाम पायरीशी थांबला, मी उंबऱ्याशी. आत काळोख. पाण्यावर समईची एक रेघ हलत होती, आणि तिच्याखाली तो होता. मला माझे नाव आठवत होते, ते त्या वेळी मला फार लहान वाटले. वाईट मात्र वाटले नाही.

पाऊस आला का, असे तू विचारू नकोस. अजून आलेला नाही.

काल मी मुंबईस पत्र टाकले, त्यावर दोघांच्या सह्या आहेत. रचनाकार म्हणून मास्तरांचे नाव काढावे, पण ज्यांनी आमच्या पोटातले मागितले त्यांचे नाव बँडचे प्रमुख म्हणून राहू द्यावे. क्लॅरिनेट, वीरण्णा गुरव. ट्रंपेट, निजामोद्दीन. आणि रचनाकार या जागी लिहावे: धामणवाडी. एका गावाचे नाव रचनाकार म्हणून कसे छापायचे, असे ते विचारतील. विचारू देत. उत्तर मी लिहीन. माझे अक्षर त्यांना वाचता येते.

गौरम्माला हे वाचून दाखवले. ती म्हणाली, "आता फिरू द्या गोल गोल. गाव हाय, त्याला चक्कर येत न्हाई."

शेवटी एक. तू म्हणशील, काका, मलाही ती देवळातली ऐकायची आहे. तुला सूर धरायचा नाही, घागर द्यायची नाही, टिचकीकडे कान ठेवायचा नाही. मंडपाच्या कडेला बसून तू ती अख्खी ऐकू शकशील. पण तुला ती तेथे ऐकवायची तर मला पुन्हा असा दुष्काळ मागावा लागेल, आणि तो मी मागणार नाही. तेव्हा ती तू तबकडीवरच ऐक. मी ऐकलेली चढण आणि तुझ्या अब्बांनी ऐकलेला उतार आजवर तेवढ्या एकाच जागी एकत्र आले आहेत.

तुझा काका,
वीरण्णा शिवलिंग गुरव